ह्यातलं मेन कोन्तं?

नातवंडांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातला धाकटा आपल्या नोकरीविषयी सांगता सांगता थांबला आणि म्हणाला, "जाऊ दे आजी, मायक्रोकर्नल तुला नाही कळायचं." मी फोनवर वाद घालत नाही, म्हणून लिहिते आहे. मी ते चालवलेलं आहे, बाळा. बीड जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या ऑफिसात, आठ यंत्रांवर.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि संघाचे दुधाचे टँकर पाणी वाहू लागले. कोणत्या गावाला किती खेपा, याची यादी रोज सकाळी छापून ड्रायव्हरांच्या हाती द्यायची असे. उसाअभावी बंद पडलेल्या साखर कारखान्याने आठ जुने कॉम्प्युटर संघाच्या गळ्यात घातले होते. एकटा एकही भरवशाचा नव्हता. तुमची आत्या तेव्हा औरंगाबादहून शिकून आली होती. तिने आठही तारांनी जोडून त्यांवर एकच सिस्टीम बसवली. मॅन्युअल इंग्रजीत, म्हणून ते वाचायला मी, इंग्रजीची निवृत्त शिक्षिका.

प्रत्येक यंत्रातला गाभा, म्हणजे तुमचा तो कर्नल, अगदी लहान. इकडचा निरोप तिकडे पोचवायचा, एवढंच त्याचं काम. यादी, छपाई, साठवण ही कामं गाभ्याबाहेर, सुटी सुटी. एक यंत्र पडलं तर त्याचं काम दुसरं उचलायचं, म्हणून यादीच्या प्रती तीन यंत्रांवर ठेवलेल्या.

चेअरमनसाहेब पाहणीला आले. "बाई, ह्यातलं मेन कोन्तं?"

आत्या म्हणाली, "मेन कुठलंच नाही, साहेब. सगळी मिळून चालवतात."

"सगळ्यांनी मिळून कुठं काय चालत असतंय का, ताई?"

सहकारी संघाच्या अध्यक्षाने हे म्हटलं, आणि एकाही संचालकाला हसू आलं नाही. मला आलं. मी ते खोकल्यात घातलं.

मेन हवंच, म्हणून एक यंत्र त्यांच्या केबिनात गेलं. त्याला हळदकुंकू लागलं, हार पडला. यादीचं काम त्याच्यावरच लावा, असा हुकूम झाला. तेही लावलं.

धारूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीने निवडणुकीत साहेबांना मतं दिली नव्हती. तिथली धडधाकट माणसं ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेली, मागे म्हातारी आणि लेकरं. टँकर चुकला की त्यांना घाट उतरून पाणी आणावं लागे. 'तुमचं पाणी तोडलं' असं चारचौघांत म्हणायची साहेबांची छाती नव्हती. कॉम्प्युटर बिघडला, यादी निघाली नाही, असं म्हणायचं, बाकीच्या खेपा तोंडी सांगायच्या आणि ही वाडी 'राहून गेली' असं दाखवायचं, असा बेत होता. शिपायाने नंतर आम्हाला तो सांगितला. तर एका संध्याकाळी साहेबांनी मेनची पिन काढली आणि केबिनला कुलूप घातलं.

सकाळी यादी नेहमीसारखी निघाली, वाडीच्या दोन खेपांसकट. टँकर धारूरच्या वाटेला लागल्यावर साहेब आले.

"बाई, मेन तर बंद हाय!"

"हो साहेब. कालपासून."

"मंग यादी कोणी काढली?"

"बाकीच्या सातांनी."

"मला न विचारता?"

"त्यांना तेवढी रीत नाही, साहेब."

टँकर परत बोलवायचा तर कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी केबिनात जाऊन पिन परत लावली. दुष्काळ सरेपर्यंत वाडीची एकही खेप चुकली नाही. पुढे एका सत्कारात मात्र छाती फुगवून म्हणाले, "आमचं मेन बंद पडलं तरी काम थांबत न्हाई. तशी सिस्टीमच म्या बसवलीय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याला साधा नारळही मिळाला नाही.

संघ नंतर बुडाला. त्याला मेन होतं.

पाच यंत्रं भंगारात गेली. तीन माझ्या खोलीत आहेत, एकमेकांना जोडलेली, आणि चालतात. वाडीही आहे.