स्टीलचा गुंड आणि लाल अंगण

“हे कोणाचं घर हाय?”

हटवार काकूंनी अल्बम मांडीवर घेतला, पहिलं पान पाहिलं आणि एवढंच विचारलं. दुसरं पान त्यांनी उलटलंच नाही. रिसालीतल्या माझ्या स्टुडिओत, गिऱ्हाइकांच्या बाकावर त्या बसल्या होत्या. शेजारी हटवार काका, नुकतेच स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. ते कधी बायकोच्या तोंडाकडे, कधी माझ्या तोंडाकडे बघत होते.

“अवं, आपलंच हाय ना,” काका म्हणाले. “मरोद्याचं क्वार्टर. हा पाहा, जांब.”

“आपला जांब एवढा हिरवा कवा होता?”

पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात. फोटोतला पेरू खरंच हिरवागार होता. मीच केला होता तो तसा, दोन दुपारी बसून. काकूंनी अल्बम बाकावर ठेवला आणि उठल्या.

“तुमी मेहनत केली बाई,” त्या मला म्हणाल्या. “पण हे आमचं नाही.”

त्या बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभ्या राहिल्या. काका मात्र बसून राहिले.

“मंदाताई, माहं काम बिघडलं,” ते हळूच म्हणाले. “कंपनीचं क्वार्टर सरेंडर करा लागते आता. पद्मनाभपुरात फ्लॅट घेऊन ठेवला, पण ही येऊनच नाही राहिली. म्हणते, तुमी जा तिकडं, मी भावाकडं तुमसरले जाते. मले वाटलं, अल्बम पाहिला तं मन बदलन. घर संगं घेऊन चाललो, असं वाटन तिले.”

“आणि खरंच तुमसरला गेल्या तर?”

“तं मी एकटा काय करू त्या फ्लॅटात?” काका म्हणाले आणि रुमालाने उगाच चष्मा पुसायला लागले.

 खरं सांगायचं तर मला रागच आला होता. एवढं सुंदर काम, आणि बाईने दुसरं पानसुद्धा उलटू नये! काका गेल्यावर मी अल्बम उचलला आणि स्वतःच पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मला तो फार आवडला. हीच तर पंचाईत होती.

थोडं मागचं सांगते. आमचा स्टुडिओ पासपोर्ट फोटो आणि लग्नांवर चालायचा. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. अशाच एका दुपारी मोबाईलवर मला ‘कात्रणवेळ’ नावाचा ऑनलाइन ग्रुप सापडला. डिजिटल स्क्रॅपबुकिंग करणाऱ्या मराठी बायकांचा. पुरुषही होते तीन-चार, पण ते गप्प असायचे.

स्क्रॅपबुक म्हणजे चिकटवही. फोटो, त्याच्याभोवती सुंदर कागद, रिबिनी, एखादं वाळकं पान, खाली दोन ओळी. डिजिटलमध्ये हेच सगळं स्क्रीनवर करायचं. कात्री नाही, डिंक नाही. त्याऐवजी असतात ‘लेयर’. पारदर्शक कागदांची चळत समजा. एकावर फोटो, दुसऱ्यावर रिबीन, तिसऱ्यावर सावली. खालचा कागद सरकवला तरी वरचा हलत नाही. कागद-रिबिनींचं जे तयार गाठोडं मिळतं त्याला ‘किट’ म्हणतात.

मला वेडच लागलं. आठवड्याला एक चॅलेंज यायचं. कधी ‘खिडकी’, कधी ‘आईचे हात’. मी स्क्रीनसमोर बसले की कुठे आहे ते विसरायची. भिंग लावून लावून एखाद्या फोटोत इतकी आत शिरायची की फक्त रंगाचे चौकोन दिसायचे, एकापुढे एक, शेत पसरावं तसे. त्यांत हिंडत राहायचं. गॅसवरचं दूध दोनदा उतू गेलं, पण पन्नाशीला टेकलेल्या बाईला काही नवीन येतंय याचं सुख काय असतं, ते मी सांगू शकत नाही.

ग्रुपवर नलिनीताई होत्या, नाशिकच्या, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. सगळ्यांचं काम त्याच तपासायच्या. “मंदा, ही रिबीन कुणाच्या गळ्याला बांधली आहे? सावली कुठे आहे तिची?” असं सगळ्यांसमोर विचारायच्या. त्यांनीच मला ‘व्हाइट बॅलन्स’ शिकवला. जुने रंगीत फोटो लाल का पडतात? कारण प्रिंटमध्ये रंगांचे थर असतात, त्यातला निळसर थर बहुतेक वेळा आधी उडतो. उरतं लाल-पिवळं. मग काय करायचं, तर फोटोत जी वस्तू मुळात पांढरी होती तिच्यावर बोट ठेवायचं. ती पांढरी झाली की बाकीचे रंग तिच्यामागे आपोआप जागेवर येतात.

हटवार काकांनी आणलेले फोटो लालभडक होते. अंगण, ओटा, पेरू, दोरीवरचे कपडे, मधे तरुण काकू. मी बोट कशावर ठेवलं? मागच्या भिंतीवर. चुन्याची भिंत पांढरीच असणार की! एका टिचकीत सगळं स्वच्छ झालं. त्यावर ग्रुपमधलं सगळ्यांचं आवडतं किट चढवलं, पांढरी लेस आणि गुलाब. ग्रुपवर पानं टाकली तेव्हा पसंतीचे चाळीसएक बदाम आले. नलिनीताईंनीसुद्धा लिहिलं, “सुरेख.” त्या सहसा कौतुक लिहीत नाहीत.

काकू निघून गेल्यावर मी तेच पान पुन्हा ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘ज्यांचं घर आहे त्यांना ते ओळखू आलं नाही. काय चुकलं?’

उत्तरं भरभरून आली. फ्रेम बदल, अक्षर बदल, गुलाब मोठा कर. नलिनीताईंचा मात्र सरळ फोन आला.

“भिंत पांढरी होती हे तुला कुणी सांगितलं?”

“चुन्याची होती ना ताई.”

“मी विचारते आहे, कुणी सांगितलं?”

कुणीच नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारी मरोद्याला गेले.

त्या गल्ल्या माझ्या ओळखीच्याच. तरी त्या दिवशी नवीन वाटल्या. दुपार पिकलेली होती. मुरमाच्या रस्त्यावरून एक ऑटो गेला आणि त्याच्यामागे उठलेला लाल धुरळा खाली बसायलाच तयार नव्हता. उन्हात तरंगत राहिला. पलीकडे प्लांटच्या चिमण्या. माझ्या पांढऱ्या ओढणीवर बघता बघता लालसर छटा चढली. मी तिथेच थांबले. वाटलं, मी कुणाच्या तरी जुन्या फोटोत चालत आले आहे.

काकू ओट्यावर बसल्या होत्या, हातात फडकं. मागची भिंत चुन्याचीच, पण रंग? सायीत तिखट पडावं तसा.

“काकू, ही भिंत कधी पांढरी होती?”

“चुना लावला त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत.”

मी शेजारी टेकले. त्यांनी फडकं फिरवून आधी माझी जागा पुसून दिली.

“राग आला का तुमाले?” त्यांनीच विचारलं. “मी तशी उठून आली म्हणून?”

“आला होता.”

त्या हसल्या. मग फडक्याच्या घड्या घालत बोलल्या. “सकाळी पुसा, दुपारी पुसा, संध्याकाळी पुसा. लेकरं लहान होते तवा पाळण्यावर फडकं, ताटावर फडकं. हे शिफ्टवरून आले का यांचे कपडे अलग धुवा. अख्खी जिंदगी पुसलं मी बाई. आन् तुमच्या फोटोत पायलं तं सगळं साफ! जसं काही इथं कधी धूळच नवती. मंग मी काय करून राहिली होती इतके साल? तुमी तं एका बटनात पुसून टाकलं.”

 मी पेरूकडे पाहिलं. पानं खरोखरच तांबूस होती.

“आन् त्या फ्लॅटात टाइल्स हायेत,” त्या म्हणाल्या. “पांढऱ्याफट. हे म्हणतात, तुले आता आराम. मले आराम म्हणजे काय, तेच समजून नाही राहिलं.”

आता माझी अडचण साधी नव्हती. फोटोत दोन लाल होते. एक कागदाच्या वयाचा, तो काढायला हवा होता. दुसरा मरोद्याचा, तो राहायला हवा होता. दोघे एकमेकांत कालवलेले. वेगळे करायचे कसे?

मी तिथूनच नलिनीताईंना फोन लावला.

“फोटोत करडी वस्तू शोध,” त्या म्हणाल्या. “जिचा रंग त्या घरातसुद्धा बदलत नसेल. रोज घासली जाणारी.”

सोबत आणलेली जुनी प्रिंट मी उन्हात धरली. ओट्याच्या कडेला, तरुण काकूंच्या पायाशी, एक गुंड होता. गुंड म्हणजे पाणी भरायचा मोठा हंडा. हा स्टीलचा होता.

“काकू, हा गुंड?”

“माह्या लग्नातला. रोज राखेनं घासते त्याले.”

“आहे अजून?”

“हाय म्हणजे? जाईन कुठं?” त्यांनी आतून आणून ठेवला. पोचे पडलेला, पण झगझगीत. स्टीलच्या गावात राहून मी सगळीकडे पांढरं शोधत होते, आणि करडं समोर बसलं होतं.

नलिनीताईंनी फोनवरच बजावलं, “चकचकीत भांडं भोवतालचा रंग पितं. तेव्हा ते त्याच जागी ठेव, तशाच उन्हात, आणि फोटो काढ. मग जुन्या फोटोतला गुंड नव्या गुंडाशी जुळव. गुंडाशी, भिंतीशी नाही. भिंतीचं काय व्हायचं ते होऊ दे.”

काकूंनी गुंड अचूक त्याच जागी ठेवला. मी फोटो काढला. छापलेलं पान भांड्याशेजारी धरून पाहायचं होतं, म्हणून गुंड स्टुडिओत नेऊ का, असं विचारलं. काकूंनी गुंड एकदा पदराने पुसला.

“न्या,” त्या म्हणाल्या. “पण परत देजा. तुमसरले नेईन मी तो संगं.”

तुमसर ऐकूनही मी गुंड उचलला आणि निघाले.

स्टुडिओत मी जुन्या फोटोतल्या गुंडावर बोट ठेवलं आणि तो नव्या गुंडाशी जुळेपर्यंत रंग सावकाश सरकवत नेला. वयाचा लाल उतरत गेला. काकूंच्या साडीतला निळा वर आला, त्यांचा चेहरा सावळा, खरा झाला. भिंत मात्र तांबूस राहिली. पेरूवर धूळ राहिली. दोरीवरचा बनियन गुलाबीसर राहिला. मी हात मांडीवर घेऊन नुसती बघत बसले. त्या अंगणात आता ऊन होतं.

लेस आणि गुलाब काढून टाकले. किट माझं मीच केलं. काकूंच्या भिंतीचा जवळून काढलेला फोटो हा मागचा कागद. आणि शेवटी एक उद्योग. त्यांच्या खिडकीतली चिमूटभर धूळ मी पुडीत आणली होती. स्कॅनरच्या काचेवर प्लास्टिकचा कागद ठेवला, त्यावर ती भुरभुरवली आणि स्कॅन केली. तो सगळ्यात वरचा लेयर. अगदी हलका, कोपऱ्यांत जमल्यासारखा. आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे भाऊ आले असते तर माझ्या हातून स्कॅनर काढूनच घेतला असता.

ग्रुपवर टाकलं. या वेळी बदाम सातच. एकीने लिहिलं, “थोडं मळकट वाटतंय गं.” नलिनीताईंनी काहीच लिहिलं नाही. त्यांचा फोन आला. “मंदा, आता सावली बरोबर पडली आहे.” एवढंच बोलल्या.

हटवार काका काकूंना घेऊन आले. म्हणजे जवळजवळ ओढूनच. काकू बाकाच्या टोकावर बसल्या. मी अल्बम दिला आणि काउंटरमागे जाऊन उगाच कागद आवरायला लागले.

पहिलं पान उघडलं. काकूंनी पाहिलं. मग त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं आणि पानाचा कोपरा पुसला. एकदा, मग जरा जोराने. मग पदर उलटा करून पाहिला. पदर स्वच्छ होता.

“निघून कावून नाही राहिली?” त्या म्हणाल्या.

काका गोंधळले. “काय निघत नाही?”

“धूळ, अजून काय!” आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता तोच पदर त्यांनी डोळ्यांना लावला. “पाहा ना, इथं बी मले सोडलं नाही तिनं.”

मग त्यांनी सगळी पानं पाहिली. प्रत्येक पान पुसून पाहिलं. शेवटच्या पानाशी त्या थांबल्या, तरुण काकूंच्या चेहऱ्यावर बोट ठेवून. “ही दमलेली दिसते,” असं काकांना म्हणाल्या. काका म्हणाले, “होती तू दमलेली. मले दिसत होतं.” “मंग बोलले कावून नाही कधी?”  काकांनी अल्बम घेतला आणि दोघं गेले. जाण्याचं काय ठरलं, ते कुणी बोललं नाही आणि मला विचारवलं नाही.

आठवडाभर काही कळलं नाही. गुंड माझ्या काउंटरवर तसाच. येणारे लोक त्याला शोभेची वस्तू समजायचे.

मग एका सकाळी शटर उघडते न उघडते तोच काकू एकट्याच आल्या.

“माहा गुंड द्या बाई.”

मी तो पुढे केला. मन घट्ट करून विचारलं, “तुमसरला निघालात?”

“नाही वं.” त्यांनी गुंडाच्या आत पाहिलं, बोट फिरवलं, पदराने पुसला. “पद्मनाभपूरले. नव्या घरात पहिल्यांदा पाय ठेवाचा तं पाण्यानं भरलेला गुंड न्या लागते ना. आन् रिकाम्या फ्लॅटात तो मानूस आंघोळ तरी कायच्यात करन?”

गुंड कमरेवर घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. खाली स्कूटरवर काका हेल्मेट घालून बसले होते. मला पाहून त्यांनी हॉर्न वाजवला, विनाकारण, दोनदा.

या धंद्यात शिकण्यासारखं म्हणाल तर एवढंच. जुना लाल पडलेला फोटो घेऊन कुणी आलं की हल्ली मी कॉम्प्युटर सुरू करत नाही. आधी विचारते, यातलं काय काय अजून घरी आहे? गिऱ्हाइक बुचकळ्यात पडतं. मी सांगते, एखादं भांडं असेल तर घेऊन या. स्टीलचं असलं तर उत्तम, आणि येताना घासू नका, रोज घासता तेवढंच पुरे.