आबांनी तेल लावलेली बोट

टर्पेंटाइनचा वास आला की मला आजही सासऱ्यांचा राग येतो. ऐंशीच्या दशकात मेहरूण तलावावर चालवायला मी फायबरची जुनी बोट घासाघीस करून घेतली. आतला चिकट मळ सोड्याने धुतला, पॉलिश पेपर मारताना हात सोलवटले. मी रंग आणायला गेलो, तेवढ्यात सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, बैलगाडीला लावावं तसं आतून सगळीकडे शेंगदाण्याचं तेल चोपडलं.

"आते तडकाव नही," म्हणाले.

"आबा, हे लाकूड नाही."

टर्पेंटाइनने पुसून हिरवा रंग लावला, पण तेलामुळे तो वाळेचना. जत्रेत पहिल्याच फेरीतली माणसं हिरवी होऊन उतरली आणि माझ्यावर धावून आली. आबा पुढे झाले.

"नवी नाव शे, म्हनीसन रंग लागना."

नाव नवी म्हणूनच रंग अंगाला लागला, हे ऐकून माणसं हसली, रांग वाढली. सौद्यात मला कधी कुणी हरवलं नाही. पण ते वाक्य मला सुचलं नव्हतं, हे अजून पचत नाही.