मापाड्याचा अंगठा

विजयमालाचा नवरा लालासाहेब तासगावात बेदाणा तोलायचा. तीस वर्षं मापाडी, पण त्याच्या काट्यावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका बड्या बागायतदारानं स्वतःचा माल तोलताना काट्याच्या कडेला हळूच पायाचा अंगठा टेकवला. लालासाहेबानं शंभर माणसांत त्याला काट्यावरून खाली ओढला. "पाय घरी ठिवून येत जा!"

त्याच लालासाहेबाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्याला दोनदा सांगलीला जाऊन रक्त धुऊन घ्यायचं. विजयमालाची किडनी जुळली, पण डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचं वजन अठ्ठ्याहत्तर. सहासष्टला आणा, मग ऑपरेशनचं बघू."

वजन उतरवायची व्यवस्था फोनवर. पुण्यात बसलेली आहारतज्ज्ञ ज्ञानदा मॅडम दर सोमवारी बोलायची आणि काट्याचा फोटो मागायची. फोटोत आकडा दिसला म्हणजे झालं. हिरवा पाला खा, म्हणाली.

"मॅडम, इथं पाल्यावर फवारा असतोय. वजनाआधी मीच जायची!"

पण बाई जिद्दीची. भाकरी अर्धी केली, चहातली साखर सोडली, द्राक्षबागेत छाटणीला चालत जायची, चालत यायची. सोमवारी अडतीच्या गोदामात काट्यावर उभी राहायची. लालासाहेब मागं उभा. "समोर बघ. हलू नगंस."

वजन एकाहत्तरपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. एकाहत्तर, पुन्हा एकाहत्तर. भाकरी चतकोरावर आली, तरी एकाहत्तर. पोलकी ढगळ झाली, बायका म्हणाल्या, "विजे, किती वाळलीस गं!" तिनं बायकांवर विश्वास ठेवला नाही, पोलक्यावरही नाही. काटा तिच्या नवऱ्याचा होता.

एका सोमवारी ज्ञानदा म्हणाली, "ताई, खरं सांगा, चोरून खाताय ना?"

मापाड्याच्या बायकोला चोर म्हणाली! विजयमालानं फोन ठेवला आणि पदर तोंडात कोंबून रडली. खाटेवर पडलेल्या लालासाहेबानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

सात महिन्यांत तिचं अंग कुणी डोळ्यांनी बघितलं नाही. सरकारी आरोग्याचं काम करणारी आशाताई रोज दारावरून जायची, हिला जरा बघून ये असं तिला कुणी सांगितलं नाही. सगळा कारभार फोटोवर!

मग लालासाहेबाला दम लागला, दवाखान्यात ठेवला. त्या सोमवारी ती एकटीच गोदामात गेली. हमाल तानाजीनं काटा लावला.

पासष्ट.

"तानाजी, काटा बिघडलाय."

तानाजीनं बेदाण्याचा पेटारा ठेवला. पंधरा किलो, बरोबर. दुसरा ठेवला. तीस. मान मात्र वर केली नाही. "काटा बराबर हाय, वैनी. दादा मागनं अंगठा दाबायचं. मला पोरांची शपथ घातली हुती."

ती तशीच सांगलीची यष्टी धरून दवाखान्यात गेली. खाटेजवळ उभी राहिली, बसली नाही.

"आवं, किती सोमवार?"

लालासाहेबाला कळलं. "नऊ."

"का वं?"

"तुज्या पोटाला सुरी लागली आसती. तू बी आडवी झालीस तर क्रांतीकडं कोण बगणार? पोरगी बारावीला हाय."

"मला इचारलंसा?" तिचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. "सारा बाजार इमानानं तोललासा, आन् माज्याच मापात खोट? माप माजं हुतं. किडनी माजी हुती!"

चादरीखाली त्याचे पाय हलले. तिनं चादर सारली आणि तो उजवा अंगठा मुठीत धरून बसली. सुजून टम्म झाला होता.

पासष्टचा फोटो तिनं डॉक्टरांना दाखवला. यांचं हृदय फार थकलंय, आता ऑपरेशन सोसणार नाही, म्हणाले, दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर.

अकराव्या दिवशी लालासाहेब गेला.

दिवसकार्य झालं, आणि सोमवारी ठरल्या वेळी फोन वाजला. तो पासष्टचा फोटो ज्ञानदालाही गेला होता; मधले फोन विजयमालानं उचललेच नव्हते.

"वा ताई! करून दाखवलंत की! आता हे टिकवायचं हं. आजचा आकडा?"

विजयमाला भिंतीला टेकून बसली होती.

"दोन," ती म्हणाली. "दोनी किडन्या हायत माज्याजवळ. दोनी झ्याक चालत्यात. तेवढं लिवून घ्या."