सहा इंची की आठ इंची

विलायती दुर्बिणीला शाळा समितीचा ठराव लागायचा, किश्शांना लागत नाही. म्हणूनच पांढरकवड्याच्या आमच्या शाळेत मोठी दुर्बीण कधी आली नाही, तिचे किस्से मात्र टीचर्स रूमभर साचले. मी तिथे ड्रॉइंग मास्तर होतो. किस्से सगळे विज्ञानाच्या काळे सरांचे. वीस वर्षं त्यांनी फळ्यावर शनीची कडी काढली, पण स्वतः एकदाही पाहिली नव्हती. हे त्यांना फार लागायचं.

*

एकदा टपालाने दुर्बिणींचा कॅटलॉग आला. सरांना आरशाचीच दुर्बीण हवी होती. आरसा सहा इंची घ्यावा की आठ इंची, यात त्यांचा अख्खा उन्हाळा गेला. सहा इंचीत कडी दिसतात, आठ इंचीत म्हणे कड्यांमधली काळी फटही स्वच्छ दिसते. वाचता वाचता चहा गार व्हायचा. आमचा शिपाई महादेव म्हणाला, "सर, पोरीसाठी स्थळ पाहून राह्यले का?"

"स्थळ लवकर ठरते रे बाप्पा," सर म्हणाले.

*

अखेर विषय शाळा समितीपुढे गेला. अध्यक्ष कापूसवाले, मोठे दिलदार. सर म्हणाले, "आठ इंची पाहिजे." दुर्बिणीचे इंच आरशाच्या रुंदीचे असतात, पण अध्यक्षांनी लांबी धरली. फूटपट्टी उचलून आठावर बोट ठेवलं.

"एवढुशी? अन् यातून चंद्र पाहान? शाळेची काही इज्जत आहे का नाही? दोन हात तरी घ्या."

दोन हात रुंद आरसा! सरांनी ते स्वप्न मिनिटभर पाहिलं. मग समजावून सांगायला उठले, तोवर ठराव लिहून झाला होता: 'दोन हात लांबीची दुर्बीण.' आलीही तशीच. पितळी, भिंगाची, जहाजावर असते तसली. अध्यक्षांना शाळेच्या ओट्यावरून आपला कापसाचा जिनिंग कारखाना दिसला, ते खूश. शनी तुरीच्या दाण्याएवढा दिसला, जरासा लांबट.

"कडी असतील नं?" मी विचारलं.

"मानली तं आहेत," सर म्हणाले.

*

फोटोचा नाद माझा. त्या नळीच्या पाठीवर मी माझा बॉक्स कॅमेरा सुतळीने बांधला आणि बराच वेळ उघडा ठेवला. फोटोत तारे नाहीत, नुसत्या रेघा. ताऱ्यांमागे फिरणारं स्टँड आमच्याकडे कुठलं? सगळी टीचर्स रूम हसली. सरांनी तो फोटो वर्गात लावला. म्हणाले, "तारे नाही हालले, आपण हाललो. हे मले फळ्यावर काढता आलं नसतं."

*

सर रिटायर झाले त्या वर्षी मी त्यांना ओळखीच्या ट्रकमधून हैदराबादला नेलं. तिथे एका वेधशाळेत आरशाची मोठी दुर्बीण लोकांना दाखवत. त्या रात्री ती शनीवर लावली होती. आमचा नंबर आला. सरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, डोळा लावला आणि जागचे हललेच नाहीत. "आगे बढ़िए, मास्टरजी," तिथला माणूस म्हणाला. रांग कुरकुरायला लागली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे सर बाजूला झाले.

माझ्या वाट्याला काय दिसलं ते मला आठवत नाही. मी त्यांच्याकडेच पाहत होतो.

परतीच्या ट्रकमधून पांढरकवड्याला उतरलो. सरांनी धोतर झटकलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "मास्तर, आठ इंची नाही पुरत. बारा पाहा लागते."