हार घातलेलं गिधाड

आमच्या जिल्ह्यात फ्रेममध्ये बसून भिंतीवर लटकण्याचा अधिकार दोघांनाच आहे. एक देव, दुसरा गेलेला माणूस. पुढारी यात येत नाहीत, कारण ते फ्लेक्सवर असतात आणि फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो. अलीकडे सात पांढऱ्या घोड्यांनी तिसरी जागा मिळवली आहे. हे घोडे पूर्वेच्या भिंतीवर धावत ठेवले की घरात लक्ष्मी येते म्हणतात. बऱ्याच घरांत मी घोडे पाहिलेत. लक्ष्मी बहुधा मागून चालत येत असावी.

हे सगळं माझ्या बायकोला माहीत होतं. तरी धाराशिवला आमचं घर बांधून झालं तेव्हा तिनं हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी काळवीट, खोकड, माळढोक आणि गिधाड निवडलं.

ती शाळेत चित्रकलेची शिक्षिका होती. आपल्याकडे चित्रकलेच्या शिक्षकानं चित्रं काढावीत अशी कुणाची अपेक्षा नसते. प्रमुख पाहुण्यांचं नाव फळ्यावर रंगीत खडूनं लिहावं, उद्घाटनाची रांगोळी काढावी आणि संस्थाचालकांच्या वडिलांचं तैलचित्र करावं, त्यातही मिशी मूळ मिशीपेक्षा जरा भरदार करावी, एवढंच काम. हे तिनं निवृत्त होईपर्यंत केलं. त्या सगळ्या काळात आम्ही भाड्याच्या घरांत राहिलो, आणि घर देताना प्रत्येक मालकानं एकच अट सांगितली, की भिंतीला खिळा मारायचा नाही. एका मालकानं तर आम्ही कॅलेंडर कुठं लावलंय हे बघायला महिन्याला चक्कर मारली. आमचं कॅलेंडर दाराच्या कडीला होतं.

घर बांधायला काढलं तेव्हा किचन, फरशी, जिना, कशातही तिनं तोंड घातलं नाही. एवढंच म्हणाली, "हॉलची ती भिंत माझी. तिथं काय लागेल ते मी ठरवणार." मी हो म्हणालो. भिंतीवर वाद होण्यासारखं काही असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

चित्रं जुनी होती. दीडेकशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या चित्रकारानं आपल्याकडच्या माळांवर हिंडून काढलेली. त्यांच्या चांगल्या कागदावरच्या प्रिंट मुलीनं पुण्याहून पाठवल्या. गिधाडाची सगळ्यात मोठी होती. वाळक्या फांदीवर ते बसलेलं, मान उघडी आणि थोडी वाकडी, पंखांवर प्रत्येक पीस वेगळं. डोळा एकच दिसतो, पण तो आपल्याकडे असा बघतो की आपली तब्येत बरी आहे ना असं वाटून जावं. बायको ते चित्र टेबलावर पसरून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "या माणसानं मिशी भरदार केली नसती."

आम्ही फ्रेमवाल्याकडे गेलो. दुकानात एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला फेटेवाले. त्यानं गुंडाळी उलगडली. वर गिधाडच होतं, पण आधी कागदाची खालची कडच उघडली, जिथं तिरक्या अक्षरांत लॅटिन नाव छापलेलं होतं. हात मापाच्या टेपकडे, नजर आमच्याकडे, आणि सवयीनं आवाज खाली आणून त्यानं विचारलं,

"कधी गेले हे?"

बायकोनं गिधाडाचा विचार करून खरं तेच सांगितलं. "झाली की बरीच वर्षं. पूर्वी गावाबाहेर थव्यानं असायची. आता एक दिसत नाही."

फ्रेमवाला 'च्च' म्हणाला. मग त्यानं कागद पूर्ण उलगडला, बघितलं, आणि माप घ्यायला लागला. दुःखात माणसं काहीही करतात हे त्याला धंद्यामुळे माहीत असणार.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो ड्रिल घेऊन आला आणि त्यानं चारही फ्रेमा लावल्या. बायको आत आचाऱ्याला सामान काढून देत होती. मी मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून वाद घालत होतो. फ्रेमवाला जाताना म्हणाला, "चार फ्रेमांवर एक हार आपल्याकडून. फुकट." मला वाटलं कुठं तरी ठेवला असेल. आत येऊन बघतो तर गिधाडाच्या गळ्यात चंदनाचा हार.

मी तो काढायला स्टूल शोधत होतो, तेवढ्यात दारात पिकअप थांबली आणि माझे थोरले भाऊ उतरले.

दादा अणदूरला राहतात. शेती तिथंच, आणि घरातला शेवटचा शब्दही तिथूनच येतो. पिकअपच्या मागं चादरीत गुंडाळलेली, दाराएवढी एक वस्तू आडवी होती. दादांनी चपला काढल्या, हॉलमध्ये आले, समोर बघितलं, टोपी सारखी केली आणि हात जोडून मान लववली. गिधाडानं ते स्वीकारलं.

"जटायू बसवलास व्हय?" दादा म्हणाले. "लई बेस. आजकाल कुणी त्यांना बसवत न्हाय."

मग आम्ही पिकअपमधली वस्तू आत आणली. दोघांनी मिळून चादर सोडली. आत आमचे वडील होते. आबांचा एकच फोटो होता, मतदार ओळखपत्रावरचा. कुणा फोटोवाल्यानं तेवढा चेहरा उचलून कॉम्प्युटरवर धडावर बसवला होता. धडाला कोट होता, टाय होता आणि डोक्यावर केशरी फेटा. आबांनी टाय पाहिला असेल तर तो तलाठ्यानं कुणा साहेबाला शेत दाखवायला आणलं तेव्हा. चेहऱ्यावर त्याच दिवशीचा अविश्वास होता. फ्रेमला वरून दोन बल्ब होते.

"उद्या समदे पावणे येणार," दादा म्हणाले. "आबा समोर पायजेत. जटायूला देवघरात सरकव, आन् ह्या भिंतीवर आबा."

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. बायको दादांशी सरळ बोलत नसे. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बोलायचं नाही, ही रीत ती लग्न होऊन आली तेव्हा तिला सांगण्यात आली, आणि मागं घ्यायची कुणाला आठवण झाली नाही. भांडण काही नव्हतं. फक्त सगळं माझ्यामार्फत चालायचं. ती दारात उभी राहून म्हणायची, "त्यांना विचारा, चहा टाकू का?" दादा चार हातांवरून म्हणायचे, "तिला सांग, साखर कमी." मी मधे बसून दोन्हीकडे बघायचो. दोघांनाही ऐकू आलेलं असायचं, तरी मी सांगेपर्यंत ते ग्राह्य नसे.

त्या दिवशीही तिनं दारातून सगळं ऐकलं होतं. मी चहाच्या निमित्तानं आत गेलो.

"जटायू म्हणू दे की त्यांना," मी हळू आवाजात म्हणालो. "एकदा बसवलेला देव हलवायचा नाही, असं मी सांगतो. आबा दुसऱ्या भिंतीला जातील. तुझं चित्र राहील."

"राहील," ती म्हणाली. "उद्या उदबत्ती लागेल. परवा कुंकू. संक्रांतीला चोचीखाली तिळगुळाची वाटी येईल. तुमच्या बहिणी कडेवरच्या पोराला सांगतील, जय कर बाळा."

"मग काय होतंय?"

"मग ते गिधाड राहणार नाही. जन्मभर मी दुसऱ्यांचे देव काढले हो, आणि दुसऱ्यांचे बाप. मला एक पक्षी हवाय, नुसता."

मी कपबशा ट्रेमध्ये मांडू लागलो. तिनं ट्रे माझ्या हातातून घेतला, पदर सारखा केला आणि सरळ हॉलमध्ये गेली. ट्रे टेबलावर ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "ते जटायू नाहीत. गिधाड आहे. हार फ्रेमवाल्यानं फुकट दिला म्हणून आहे. आणि या भिंतीवर काय लावायचं ते मी ठरवणार, असं घर बांधायच्या आधीच ठरलंय."

दादांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं.

"ती म्हणते, ते गिधाड आहे," मी म्हणालो.

"आयकलं म्या. भैरा न्हाय." दादा खिशातून चष्मा काढत उठले. फ्रेमजवळ गेले, हार बोटानं बाजूला केला आणि मान निरखली. "व्हय. मान उघडी हाय. गिधाडच हाय." मग माझ्याकडे वळले. "आन् म्या ह्याला हात जोडले, तवा तू गप उभा ऱ्हायलास?"

"तुम्ही एकदम जोडले, दादा."

"हसू नगंस."

"हसलो नाही."

"पोटात हसलास."

ते खुर्चीत बसले. चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. आता ते आबांची फ्रेम उचलून स्वतःच भिंतीला लावतील, नाहीतर उद्याला न थांबता पिकअपमधून परत जातील, असं मला वाटत होतं. बायको ट्रेपाशीच उभी होती. आत जायचं तिच्या मनात दिसत नव्हतं.

"आपला बांड्या बैल मेला तवा तू ल्हान होतास," दादा मला म्हणाले, पण आवाज दोघांना पुरेल इतका होता. "गावाबाहेर नेऊन टाकला. कुत्री आली. आबांनी दगडं मारून हाकलली. म्हणले, त्यानं मला जन्मभर ओढलं, कुत्र्याला न्हाय देणार. उन्हात बसलो आमी दोघं. मग वरनं ही आली. एक, दोन, मग आभाळभर. आबा उठले, टोपी काढली आन् लांब झाले."

त्यांनी बशी तोंडाला लावली.

"तवा नमस्कार काय वाया गेला न्हाय," ते म्हणाले. "आबांनी बी केलता. पर आबांचं काय? आबा काय मंडपात ठिवायचे?"

"आपल्या खंडोबासारखं करू," बायको म्हणाली.

हे दादांना एकदम कळलं. मला थोडा वेळ लागला. आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षातले बहुतेक महिने अणदूरला असतो आणि थोडे महिने नळदुर्गला. वाजतगाजत जातो, वाजतगाजत येतो. देव एक, गावं दोन, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणाची तक्रार नाही.

"देव नळदुर्गला गेला, की आबा इथं या भिंतीवर," ती म्हणाली. "तेवढे दिवस गिधाड तुमच्याकडे. देव अणदूरला आला, की आबा अणदूरला. उद्या पूजेला आबांना खुर्चीत बसवू, हार घालू. हार आहेच."

दादांनी थोडा हिशोब केला.

"म्हंजी आबांचं मूळ ठाणं अणदूर?"

"अणदूरच."

"हे नळदुर्ग?"

"हे नळदुर्ग."

दादांनी उरलेला चहा संपवला. "साखर जास्त झालीय," ते तिला म्हणाले. मी मधे बसलो होतो. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा खुर्चीत बसले. बल्ब लागले, हार गळ्यात पडला आणि पाहुण्यांनी टायसकट त्यांना नमस्कार केला. मग पाहुणे भिंतीकडे वळले. आमच्या मामांनी गिधाडासमोर हात जोडायला सुरुवात केली, तेव्हा दादांनी ते हात वरच्यावर धरले. "जटायू न्हाय त्ये. गिधाड हाय. चष्मा घाला, मान बघा." दिवसभर ते तिथंच उभे होते. संध्याकाळपर्यंत त्यांना खोकड आणि कोल्ह्यातला फरकही सांगता येऊ लागला होता. तो निम्मा चुकीचा होता, पण ठामपणे सांगत होते.

देव नळदुर्गला गेला तेव्हा पिकअप आली. आबा उतरले, गिधाड त्याच चादरीत गुंडाळून चढलं. तेवढे महिने बायको रोज जेवताना आबांच्या टायकडे बघत होती. एकदा म्हणाली, "चेहरा चांगला होता हो यांचा. टाय नसता तर..." आणि पुढचा घास घेतला. आपल्या घरात रंग कुठं ठेवलेत हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. पण दोघांनी ठरवल्यासारखा तो विषय काढला नाही.

देव परतला. गिधाड मात्र आठवडाभर उशिरा आलं. दादांनी तिला फोन करून सांगितलं होतं की लोक बघायला येतात, जरा दम धर. चादर सोडल्यावर तिला काचेच्या खालच्या कोपऱ्यात पिवळं बोट दिसलं. भंडारा होता. ती ओलं फडकं घेऊन आली, पण पुसायच्या आधी तिनं फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"दादा, ते गिधाड आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

"ठाव हाय की. म्याच समद्यांना सांगतो, गिधाड हाय म्हणून."

"मग भंडारा?"

"आगं, देव म्हणून न्हाय लावला." पलीकडे दादा जरा थांबले. "गेलेलं हाय ना त्ये. गेलेल्याला लावू ने व्हय?"

ती 'च्च' म्हणाली नाही. "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग मी स्टूल धरलं आणि तिनं गिधाड तिच्या भिंतीवर, तिच्या खिळ्यावर परत लावलं. फडक्यानं काच वरून खालपर्यंत नीट पुसली. खालचा कोपरा मात्र घाईत पुसला गेला, आणि पिवळं बोट पुसट का होईना, राहिलं. ती कुठलीच काच घाईत पुसत नाही.