ठोक्यासरशी हलणारं अस्तर

"महाधमनीचं आतलं अस्तर फाटलंय," सांगलीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनचा स्क्रीन माझ्याकडे वळवत सांगितलं. मला त्यात काळं-पांढरं सोडून काही कळलं नाही.

आजाराचं नाव 'एऑर्टिक डिसेक्शन'. एऑर्टा म्हणजे महाधमनी, हृदयातून निघून पोटापर्यंत उतरणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला थर असतात. माझ्या बायकोचा, शालनचा, आतला थर पाठीच्या बाजूला फाटला होता आणि त्या फटीतून रक्त दोन थरांच्या मध्ये शिरून खाली उतरलं होतं.

"ऑपरेशन कधी करायचं?" मी विचारलं.

"आत्ता नाही. या जागेची फाट आधी औषधांवरच सांभाळतात. बीपी आणि ठोके खाली आणायचे, आणि वाट बघायची."

मी फौजेत ड्रायव्हर होतो. गाडी बंद पडली की बॉनेट उघडून हात काळे करायची सवय. इथं मला हात लावण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याच सकाळी पाटणजवळच्या आमच्या गावात शालन म्हशींना वैरण टाकत होती. पाठीत सुरी खुपसल्यासारखं झालं आणि ती गव्हाणीला धरून खाली बसली. गॅस असेल म्हणून तिनं ओवा चावला. मग दरदरून घाम फुटला. कराडला नेलं तर ईसीजी ठीक आला, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांचं बीपी मोजलं. दोन्हीत बराच फरक निघाला, म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीतच काही बिघडलं असावं. त्यांनी लगेच ॲम्ब्युलन्सनं सांगलीला पाठवलं. बीपीच्या गोळ्या शालननं कधीच्याच सोडल्या होत्या. बरं वाटतंय तर कशाला, म्हणायची.

आयसीयूत थोडाच वेळ आत सोडायचे. "त्यांना बोलायला लावू नका, काळजीचं काही सांगू नका," सिस्टर बजावायच्या.

"आवं, म्हशी कोण बघतंय?" ती विचारायची.

"भावजय बघतीय."

"धार काढू देतीय का तांबडी म्हस?"

देत नव्हती. मी "व्हय" म्हणायचो आणि बाहेर येऊन बाकावर बसायचो.

मग एके दिवशी तिची लघवी कमी झाली. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडावर ताण दिसला. डॉक्टर म्हणाले, "फाटलेलं अस्तर प्रत्येक ठोक्याला हलतं. हलताना ते डाव्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीच्या तोंडावर बसतंय का, ते बघायचंय. आधीच्या स्कॅनमध्ये ते हलताना दिसत नाही. आणि त्या स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध पुन्हा दिलं तर मूत्रपिंडाला सोसायचं नाही."

म्हणून 'सिने एमआरआय' ठरला. यात ठोक्यांशी जुळवून चित्रं घेतात. ती ओळीनं लावली की महाधमनी फुगताना आणि आवळताना दिसते, अस्तर किती सरकतं तेही मोजता येतं. त्यासाठी पेशंटनं पुन्हा पुन्हा श्वास रोखून धरायचा असतो.

शालन मशीनच्या अरुंद नळीत घाबरली. चित्रं हलली. मशीन चालवणाऱ्या ताई बाहेर आल्या. "काका, घड्याळ, पट्टा काढा आणि आत या. त्यांच्या पायाला नुसता हात लावून उभे राहा."

मी तिचं पाऊल धरलं. गार होतं. स्पीकरवर आवाज यायचा, "श्वास घ्या. सोडा. आता धरा." मशीन धडधडायचं. प्रत्येक वेळी माझाही श्वास अडकायचा. याहून जास्त मला तिच्यासाठी काही करता येत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी ती चित्रं मला चालवून दाखवली. राखाडी नळीत एक बारीक रेघ झोके खात होती. ठोका पडला की मूत्रपिंडाच्या वाटेकडे झुकायची, पुन्हा मागं यायची. मला तिच्यावरून नजर काढवेना.

"वाट पूर्ण बंद होत नाही," डॉक्टर म्हणाले. "ठोके आणखी संथ करून बघू. नाही जमलं तर आतून स्टेंट, म्हणजे जाळीची नळी बसवू."

पुढचे दिवस मी फक्त लघवीच्या पिशवीकडे बघत काढले. ती हळूहळू भरायला लागली. स्टेंट लागला नाही, पण फाट भरून आली नाही. ती आहेच. तशीच गोळ्यांवर तिला घरी सोडलं.

ज्यांच्या घरात बीपीचा पेशंट आहे त्यांना एवढंच सांगतो, गोळ्या बंद करू देऊ नका. आणि पाठीत एकाएकी असं दुखलं तर ओव्यावर थांबू नका. त्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या हातालाही बीपीचा पट्टा बांधला म्हणून आम्ही वेळेत पोचलो, हे मी विसरत नाही.

परवा पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "आहे तसंच आहे."

शालननं विचारलं, "म्हंजी बरं न्हाई झालं?"

"वाढलं नाही. या आजारात आम्ही याला चांगलं म्हणतो."

गावात लोक विचारतात, वहिनी कशा आहेत? मी म्हणतो, आहे तसंच आहे. ऐकणाऱ्याचं तोंड उतरतं. मग आतनं शालन ओरडते, "आवं, चांगलं हाय म्हणून सांगा की त्यास्नी!"

मी सांगतो, चांगलं आहे. पुढच्या तपासणीपर्यंत तेवढंच माझ्या हातात आहे.