एका शेतकरी बाईने

आम्ही जुळ्या, अगदी हुबेहूब. दोन वर्षांच्या होतो तेव्हा नाशिकच्या मावशीने, तिला मूल नव्हतं म्हणून, आमच्यातली एक मागितली. त्या दिवशी मला ताप होता, म्हणून माझी बहीण गेली. आईने हे मला पुढे भाजी निवडता निवडता सांगितलं, आणि मी ते कधीच विसरले नाही.

मी सायखेड्यात झेंडूच्या वाफ्यांत वाढले. ती वाढली मावशीकडे. तिथे मावशी आणि काका दोघंही ऑफिसात जायची आणि जेवताना पेपर मोठ्याने वाचायची. नव्वदच्या दशकात, आम्ही शाळेत असताना, ती सुट्टीला आली की मी तिच्या वह्या चोरून बघायची. अक्षर माझ्यासारखंच होतं, लिहिलेलं मात्र कळत नसे. दुसऱ्या कुणाचा हेवा वाटला असता तर तिचं डोकंच वेगळं, असं म्हणून गप्प बसता आलं असतं. इथे तीही सोय नव्हती. दहावीनंतर माझी शाळा सुटली, गावातच लग्न झालं. ती जीवशास्त्र शिकली आणि पुढे नाशिकच्या एका कॉलेजात शिकवायला लागली.

एकदा मार्केटात फुलं देऊन मी तिचं व्याख्यान ऐकायला गेले. विषय होता, माणसाचा मेंदू कसा घडला. माझाच चेहरा फळ्यासमोर बोलत होता आणि पोरं भराभर लिहून घेत होती. ती सांगत होती, माणसाचं मूल अर्धवट तयार झालेला मेंदू घेऊन जन्मतं, उरलेला आजूबाजूची माणसं घडवतात. माणूस अन्न शिजवून खायला लागला, एकमेकांकडून शिकायला लागला. ज्यांना शिकणं चांगलं जमलं त्यांची पोरं जास्त जगली, आणि तसे मेंदू पुढच्या पिढ्यांत वाढत गेले.

नंतर चहा घेताना मी म्हणाले, "आपल्या झेंडूसारखंच की हे."

"ते कसं?"

"आई दरवर्षी टपोरी फुलं बियाण्याला ठेवायची. निवडायचं कसं, ते तिला आजीने शिकवलं. निवडून निवडून झेंडूच बदलला. आता त्याला नीट अंतर सोडून लावावं लागतं, म्हणून आमची लावायची रीतही बदलली. रीतीने झाड बदललं, झाडाने रीत."

ती कप हातात धरून थांबली. "फक्त माणसाच्या बाबतीत निवडणारं कुणी बसलेलं नव्हतं," ती म्हणाली. "पण हे मला सुचलं नव्हतं."

मला इतकं बरं वाटलं, की परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते.

काही महिन्यांनी तिचा लेख एका मासिकात छापून आला. माझा झेंडू त्यात होता, छान लिहिला होता. वर लिहिलं होतं, 'एका शेतकरी बाईने मला सांगितलं.' मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि तिला फोन केला.

"एक बाई?"

"अगं, घरचं माणूस लिहिलं की लेख हलका वाटतो."

"ताप तुला आला असता तर हे मी लिहिलं असतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळीपर्यंत आम्ही बोललो नाही. सणाला ती माझ्या घरी आली, स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मी जायला नको होतं, असं मलाही खूपदा वाटायचं. मावशीला आई म्हणायला मला वर्ष लागलं." तिला त्याचंही दुःख होतं, आणि ते नीट शब्दांत सांगता येत होतं, याचाही मला हेवा वाटला.

पुढे तो लेख तिच्या पुस्तकात आला. त्यात तिने 'माझ्या जुळ्या बहिणीने' असं केलं. पुस्तक माझ्याकडे आहे. मुखपृष्ठावर तिचा फोटो आहे. गावातल्या बायका तो बघून मला विचारतात, तू कधी लिहिलंस? मी दर वेळी जरा उशिराच सांगते की ही मी नव्हे.